दूध उतू घालण्याआधी कुलूप बदला

सेकंड शिफ्टला निघायच्या घाईत असाल तर डबा भरता भरता ऐका, नाइट करून आला असाल तर पडल्या पडल्या ऐका. आजचा विषय आहे दाराचं कुलूप. हसू नका. मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि उठता उठता एकीनं विचारलं, "ताई, नवी खोली घेतलीये. मालकानं कुलूप-किल्ली दिलीये, कुलूप चांगलं दणकट आहे. तेच ठेवू का नवीन आणू?" त्या एका प्रश्नावर पुढचा पाऊण तास गेला. प्रत्येकीकडे काही ना काही सांगण्यासारखं निघालं. त्यातलं निवडून आज तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

उत्तर आधीच सांगून टाकतो. नवीन आणा. आणि सामानाचा टेम्पो दारात लागायच्या आधी आणा.

नव्या घरात शिरताना आपण काय काय करतो बघा. दाराला तोरण बांधतो, उंबऱ्याला हळदकुंकू वाहतो, देवाचा फोटो आणि पाण्याचा तांब्या आधी आत नेतो. मग गॅस जोडला की पहिलं दूध उतू घालतो. दहा बाय दहाची भाड्याची खोली असली तरी दूध उतू गेल्याशिवाय ते आपलं घर वाटत नाही. हे सगळं करावंच. पण त्याच दाराच्या किल्ल्या आणखी किती जणांच्या खिशात आहेत, हे विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही.

जरा मोजून बघू. आपल्या भागात, म्हणजे चाकण औद्योगिक वसाहतीच्या आजूबाजूला महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांत खोल्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. त्यात कुणी लातूरची, कुणी नांदेडची, कुणी वाशीमची, कुणी थेट बिहारची. एका कंपनीतलं काम संपलं की माणूस खोली सोडतो आणि दुसऱ्या कंपनीच्या जवळ जातो. कागदावर करार अकरा महिन्यांचा, पण वर्षात तीन-तीन भाडेकरू बदललेल्या खोल्या आम्ही पाहिल्या आहेत. आता तुमच्या आधी त्या खोलीत चार पोरं राहत होती असं धरा. चौघांच्या शिफ्टा वेगळ्या, म्हणून चार किल्ल्या. एकानं हरवली, त्यानं चौकातल्या चावीवाल्याकडून पाच-दहा मिनिटांत दुसरी करून घेतली. मध्येच दोघं गावी गेले, त्यांच्या जागी दुसरे दोघं आले. खोली सोडताना मालकाला परत दिल्या दोन. शिवाय मालकाकडे एक, भाडं गोळा करायला येणाऱ्या त्याच्या मुलाकडे एक, आणि खोली दाखवायला एजंटानं नेलेली एक. एवढ्या किल्ल्या गावभर फिरत असताना मालक तुमच्या हातावर दोन ठेवतो आणि म्हणतो, "ह्या घ्या ताई, दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे." त्याच्या मनात काही वाईट नसतं. त्यालाही हा हिशेब माहीत नसतो.

स्वतःचा फ्लॅट घेतलेल्यांनी आपण सुटलो असं समजू नये. इमारत उभी राहताना फरशीवाला, रंगारी, सुतार, वायरमन, साइटचा वॉचमन, सगळ्यांचा त्या दारातून राबता असतो. काम चालू असताना किल्ली कुणाकडे होती आणि ती पुन्हा कुणी कापून घेतली का, हे ताबा देणाऱ्या साहेबालाही सांगता येणार नाही. जुना फ्लॅट घेतला असेल तर आधीच्या मालकाची कामवाली, शेजारीण, लग्न होऊन गेलेली मुलगी, यांच्याकडे एकेक किल्ली असतेच. आपल्याकडेही असते की नाही?

आपल्याला हे सुचत नाही त्याला कारण आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणी ज्या गावांतून आल्या, तिथं दिवसा दाराला कुलूप लागत नाही. आजी ओट्यावर बसलेली असते, नाहीतर समोरच्या काकू असतात. फार तर कडी घालायची, कुत्रं आत जाऊ नये म्हणून. कुलूप दिसलं की गावाला कळतं, ही मंडळी लग्नाला गेली किंवा दवाखान्यात गेली. आपल्या नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणायचं, शनिशिंगणापूरच्या घरांना तर दारंच नसल्याची ख्याती आहे, आणि २०११ मध्ये एका सरकारी बँकेनं तिथं कुलपाशिवायची शाखा उघडली तेव्हा पेपरात बातम्या आल्या होत्या. तिथं गावाची श्रद्धा राखण करते. खोल्यांच्या रांगेत मात्र शेजारच्या खोलीत कोण राहतं ते चार महिने कळत नाही, कारण ती झोपते तेव्हा आपण कामावर आणि आपण झोपतो तेव्हा ती. आजी-काकूंचं काम इथं कुलपालाच करावं लागतं.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या एका गटातली ताई, नाव सांगत नाही. नवरा नाइटला, ही सेकंडला, आणि दीर नोकरी शोधायला म्हणून पंधरा दिवस येऊन राहिलेला. शिलाई मशीन घ्यायचं म्हणून तिनं गटातून पंधरा हजारांचं कर्ज उचललं होतं. दुकान रविवारी गाठायचं होतं, तोवर पैसे गव्हाच्या डब्यात. शुक्रवारी रात्री साडेबाराला कंपनीच्या बसनं ती आली तर दाराला कुलूप होतं तसंच होतं. उघडून आत गेली, जेवली, झोपली. सकाळी डब्यात हात घातला तर पैसे नाहीत. शेजारच्या डब्यातले पैंजणही नाहीत.

पोलीस आले, पंचनामा झाला. कुलूप तुटलेलं नाही, कोयंडा उचकटलेला नाही, खिडकीचे गज जागच्या जागी. मग पुढचा प्रश्न काय येणार? "किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?" हिच्याकडे एक, नवऱ्याकडे एक, दिराकडे एक. पोलिसांनी विचारलं ते त्यांचं कामच होतं. पण तो प्रश्न पोलीस गेल्यावर घरातच राहिला. तोंडानं कुणी काही बोललं नाही. चौथ्या दिवशी दिरानं बॅग भरली आणि तो गावी निघून गेला. तिकडे सासूनं फोन उचलायचं बंद केलं. नवरा-बायकोत शिफ्ट बदलताना जे दहा मिनिटं बोलणं व्हायचं, तेही महिनाभर बंद होतं.

दोन महिन्यांनी बोलता बोलता शेजारीण म्हणाली, "तुम्ही राहायला आलात त्या आठवड्यात आधीचा भाडेकरू आला होता की. त्याचा टेबलफॅन राहिला होता, घेऊन गेला." ताई म्हणाली, "मी तर घरी नव्हते. मला वाटलं मालकानं नेला." शेजारीण म्हणाली, "छे, त्यानं स्वतःच दार उघडलं, त्याच्याकडे किल्ली होती ना." त्यानंच चोरी केली असं आम्ही म्हणत नाही. तसा काही पुरावा नाही, चोरी आजही उघडकीला आलेली नाही. पण त्या दाराच्या तीनच किल्ल्या आहेत असं धरून ज्या एका माणसावर सगळ्यांची नजर गेली, तो हिशेबच चुकलेला होता. ताईनं गटाचं कर्ज एकही हप्ता न चुकवता फेडलं, मशीनही पुढच्या वर्षी आलं. दीर मात्र अजून त्यांच्याकडे मुक्कामाला येत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, नव्या कुलपाकडे चोरापासूनचा बचाव एवढ्याच नजरेनं बघू नका. घरात काही इकडचं तिकडे झालं तर किल्ल्या नेमक्या किती आणि कुणाकडे, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. ते फक्त नव्या कुलपानंच मिळतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते बोलू. बहुतेक खोल्यांना बाहेरून आलड्रॉप असतो आणि त्याला लटकतं कुलूप. इथं काम सगळ्यात सोपं. हार्डवेअरच्या दुकानातून नवं कुलूप आणायचं, संपलं. दुकानदार विचारेल, किती लिव्हर? कुलपाच्या आत छोट्या पट्ट्या असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. किल्लीचे दात प्रत्येक पट्टीला नेमक्या उंचीवर उचलतात, तेव्हाच कुलूप उघडतं. पट्ट्या जितक्या जास्त तितकं दुसऱ्या किल्लीनं किंवा तारेनं उघडणं अवघड. बाहेरच्या दाराला सहा-सात लिव्हरचं घ्या. गोदरेजचं नवताल आपल्या आई-आजीच्या वेळेपासून सगळ्यांना माहीत आहे, इतरही चांगल्या कंपन्या आहेत. पण नावात एक अक्षर इकडेतिकडे केलेली कुलपंही बाजारात असतात, म्हणून हातगाडीवरून घेऊ नका, बिलासकट घ्या. पाकिटात जितक्या किल्ल्या लिहिल्या आहेत तितक्या आहेत का ते मोजा, आणि प्रत्येक किल्ली दुकानातच लावून बघा. चांगल्या कुलपाला काहीशे रुपये जातात. एका साडीपेक्षा कमीच.

कुलूप घेऊन आलात की दार बाहेरून बंद करा आणि एक गोष्ट बघा. आलड्रॉपचे आणि कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसतात का? दिसत असतील तर सात लिव्हरचं कुलूप लावून काय उपयोग? चोर कुलपाला हातही लावणार नाही, स्क्रू काढेल आणि कुलपासकट कोयंडा बाजूला ठेवेल. आमच्या गटातल्या बायांनी आपापल्या घरी जाऊन पाहिलं तर निम्म्यांच्या दाराची हीच गत होती. त्यावर उपाय म्हणजे स्क्रूच्या जागी आरपार नट-बोल्ट घालून घ्यायचे, नट आतल्या बाजूला. सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि हे मालकाला करून द्यायला सांगा.

दुसरा प्रकार लॅचचा. दार ओढून घेतलं की आपोआप लागतं, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. लॅचचा आतला भाग दाराला चार-सहा स्क्रूंनी बसवलेला असतो आणि किल्लीचा गोल भाग दारातून आरपार जातो. त्याच मापाचं नवं लॅच आणलं तर जुन्या भोकात बसतं. जुनं लॅच काढून दुकानात घेऊन जाणं सगळ्यात बरं, माप सांगत बसायला लागत नाही.

तिसरा प्रकार नव्या इमारतींत असतो. दाराच्या जाडीत पेटीसारखं कुलूप बसवलेलं आणि बाहेर हँडल. याला मॉर्टिस लॉक म्हणतात. हे पाहून बाया घाबरतात की आता पूर्ण दारच उकरावं लागणार. तसं नाही. किल्ली ज्या भागात जाते तो एक वेगळा तुकडा असतो, त्याला सिलिंडर म्हणतात. गॅसचा नव्हे, हाताच्या बोटाएवढा. तो तेवढा बदलला की किल्ल्या बदलतात, बाकी कुलूप आणि हँडल तेच राहतं. दार उघडून दाराच्या कडेला पाहिलं की सिलिंडरच्या उंचीवर एक लांब स्क्रू दिसतो. तो काढायचा, किल्ली घालून किंचित फिरवायची, की सिलिंडर सरकून बाहेर येतो. त्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजायची, तेवढाच आणायचा आणि तसाच परत बसवायचा. आम्ही तिघींनी मिळून एका ताईचा सिलिंडर असा बदलला. वीस मिनिटं लागली, त्यातली दहा स्क्रू ड्रायव्हर शोधण्यात गेली. ताईचे मिस्टर येऊन म्हणाले, "मेस्त्रीला किती दिले?"

एवढी काळजी मात्र घ्या. कुठलंही नवं कुलूप बसवलं की दार उघडं ठेवूनच किल्ली पाच-सहा वेळा फिरवून बघा. घाईनं दार लावून बघायला गेलात आणि कुलूप अडकलं तर मध्यरात्री चावीवाला शोधत फिराल. आणि कुलूप जड चालायला लागलं म्हणून त्यात स्वयंपाकाचं तेल सोडू नका. तेलाला धूळ चिकटते आणि कुलूप आणखी घट्ट होतं. पेन्सिलच्या शिशाची पूड किल्लीला लावून किल्ली आत-बाहेर करा, ते चालतं.

आतल्या बाजूचंही बघा. बाहेर कितीही मोठं कुलूप असलं तरी रात्री आपण आत असतो तेव्हा ते नुसतं खिळ्याला लटकलेलं असतं. आत निदान दोन कड्या हव्यात, एक वर आणि एक खाली, आणि दार थोडंसंच उघडेल अशी साखळी. दारात भिंग बसवून घेतलं तर बाहेर कोण आहे ते दिसतं. ज्या नाइट करून येतात आणि दिवसा एकट्या झोपतात, त्यांनी आतली कडी घालायचा कंटाळा करू नये.

आता येतो मालकाचा प्रश्न. "मालक रागावले तर?" ही भीती जवळजवळ प्रत्येकीनं बोलून दाखवली. लटकतं कुलूप असेल तर आपलं कुलूप लावायला काहीच हरकत नसते, मालकाचं त्याला परत द्या. दारात बसवलेलं लॅच किंवा सिलिंडर मालकाच्या मालमत्तेचा भाग आहे, ते बदलण्याआधी सांगा आणि जुनं जपून ठेवा, खोली सोडताना पुन्हा बसवून देता येतं. बोलायचं कसं, तर सरळ. "काका, आधीच्या भाडेकरूंकडे किल्ल्या राहिल्या असतील, म्हणून बदलतेय. उद्या काही गेलं तर तुमच्यावर नाव नको." हे शेवटचं वाक्य आमच्या एका ताईनं वापरलं आणि मालकानं नव्या कुलपाचे निम्मे पैसे स्वतःहून दिले.

काही मालक म्हणतात, एक किल्ली माझ्याकडे पाहिजे. पाण्याची टाकी फुटली, शॉर्ट सर्किट झालं तर? त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण किल्ली त्यांच्याकडे ठेवायची की नाही ते करार करतानाच ठरवून घ्या, आणि ठेवलीच तर तुम्हाला कळवल्याशिवाय दार उघडायचं नाही, हेही त्यात लिहून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. त्यात मालकाला जागा बघायला येण्याचा हक्क आहे, पण आधी सूचना देऊन आणि योग्य वेळी. तुम्ही कामावर असताना दार उघडून आत चक्कर टाकणं त्यात बसत नाही. याच कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. "कशाला खर्च, तोंडीच ठरवू" असं तो म्हणाला तर तुम्ही हो म्हणू नका.

आणि उलटंही होतं. भाडं एक महिना थकलं म्हणून मालकानं आपलंच कुलूप वर लावलं, आत तुमची भांडी, पोरांची पुस्तकं. पैसे देणं आपल्याला लागतंच, ते चुकवा असं आम्ही कधीच सांगणार नाही. पण असं परस्पर कुलूप लावून माणसाला बाहेर काढता येत नाही, त्याला कोर्टातून जावं लागतं. कायद्याची वाट सोडून कुणी तुम्हाला जागेतून काढलं तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. सहा महिने हे नीट लक्षात ठेवा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते आणि बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी.

आता दुसरी किल्ली कुणाला द्यायची? बचत गटात आपण काय करतो ते आठवा. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, वही तिसरीकडे. कुणावर अविश्वास आहे म्हणून नाही करत. कुणावर आळ यायची वेळच येऊ नये म्हणून करतो. घरातही तसंच ठरवा. किती किल्ल्या आल्या, कुणाला दिल्या, हे घरातल्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. एक जास्तीची किल्ली घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे असावी, म्हणजे हरवली तर कुलूप तोडावं लागत नाही. कुंडीखाली, मीटरच्या पेटीत, चपलांच्या रॅकमध्ये, चौकटीवर किल्ली ठेवू नका. त्या जागा आपल्याला सुचतात तशा सगळ्यांना सुचतात. किल्लीच्या कड्याला खोलीचा नंबर लिहिलेला बिल्ला लावू नका. चावीवाल्याकडे दुसरी करायला दिलीत तर तिथंच उभ्या राहा, "दे करून, येते भाजी घेऊन" नको. साबणाच्या वडीवरही किल्लीचा ठसा उमटतो.

त्या वहीत तुमचं नाव मात्र पाहिजेच. हे वेगळं सांगावं लागतं, कारण आमच्याकडे अशा बाया आहेत ज्या दहा वर्षं संसार करतात आणि त्यांच्या पदराला घराची किल्ली नाही. सकाळी नवरा कुलूप लावून जातो, ही कंपनीतून येऊन पायरीवर बसते, तो येईपर्यंत. पूर्वी सासूच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि तो सुनेच्या हातात यायला पंचवीस वर्षं लागायची. ते वाडे गेले, कोठारं गेली. एका खोलीच्या एका कुलपाला तीन किल्ल्या येतात, त्यातली एक तुमची.

आणि भांडण झालं म्हणून नवऱ्यानं कुलूपच बदलून टाकलं, बायको आणि पोरं बाहेर, असंही आम्ही पाहिलं आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, ज्या घरात बाई नवऱ्याबरोबर राहत होती तिथं राहण्याचा तिचा हक्क सांगितला आहे. घर नवऱ्याच्या नावावर असो की भाड्याचं असो, कोर्टाच्या आदेशाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. जीवाला धोका असेल तर ११२ ला फोन करा. रात्री पायरीवर बसून राहू नका, आधी शेजारी जा, मग फोन.

एक गोष्ट बोलायला जड जातं, पण बोलतो. शिफ्टला जाताना लहान पोरांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावू नका. का लावता ते आम्हाला माहीत आहे. सांभाळायला कुणी नाही, रस्त्यावर कंटेनर धावतात, पोर बाहेर गेलं तर? पण आत गॅस असतो, वायरी असतात, खिडकीला गज असतात. काही झालं तर पोर आतून दार उघडू शकत नाही आणि शेजारणीकडे किल्ली नाही. तुमच्या रांगेत अशा तिघी-चौघी असाल आणि शिफ्टा वेगवेगळ्या असतील तर आळीपाळीनं पोरं सांभाळता येतात. दोन गटांनी हे करून पाहिलंय. भांडणं होतात, नाही असं नाही, कुणाचं पोर जास्त खातं इथपर्यंत होतात. तरी चाललंय.

खोली सोडताना तुमच्या सगळ्या किल्ल्या मोजून मालकाला द्या, किती दिल्या ते त्याच्याकडून लिहून घ्या, आणि डिपॉझिट परत घेताना तो कागद जवळ ठेवा. आपलं लटकतं कुलूप मात्र काढून बरोबर न्या. पुढच्या खोलीला तेच चालेल, कारण त्याच्या किल्ल्या तुम्हाला माहीत आहेत.

ज्यांना सिलिंडर बदलून बघायचाय त्यांनी आपल्या गटाच्या बैठकीत सांगा, आम्ही स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो. पुढच्या वेळी लाइट बिल कसं वाचायचं ते बघू, बिल हाताशी घेऊन बसा. नमस्कार.